बगदादची जियारत आणि एक जुना प्रश्न

आमच्या मोहल्ल्यात तीन सद्दाम आहेत. तिघांचाही जन्म १९९१ चा. एक रिक्षा चालवतो, दुसरा कतारला आहे आणि तिसरा आमचा भाचा, मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत बगदादवर बॉम्ब पडत होते आणि आमच्याकडे पाळण्यांत सद्दाम निजत होते. अकीक्याच्या दिवशी सगळे घर खूश होते. एकटे मामू जेवण न करता उठून गेले होते. "ज्यानं मला रस्त्यावर आणलं, त्याचं नाव पोराला ठेवता?" एवढेच ते बोलले.

मामू म्हणजे अम्मींचे धाकटे भाऊ. सारे घर त्यांना मामूच म्हणते. अकरा वर्षे ते कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी रणगाडे कुवेत शहरात शिरले आणि मामूंचे दुकानातले काम, साठवलेले दिनार, खोलीतला टीव्ही, सगळे दोन दिवसांत संपले. बसने बसरा, बसऱ्याहून बगदाद, बगदादहून वाळवंटातून जॉर्डन, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. दीड लाखाहून अधिक हिंदी माणसे त्या वाटेने परत आली. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत ती आठवण अजून ताजी असेल. मामूंच्या हातात एकच बॅग होती आणि त्या बॅगेत, का कोण जाणे, एक इस्त्री.

मागच्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी अम्मींना बगदादच्या जियारतीला न्यायचे ठरवले, तेव्हा मामू म्हणाले, "मीही येतो. एकदा ते शहर पळता पळता पाहिलंय, आता बसून पाहू." त्यांना अरबी येते, हा आमचा फायदा. रत्नागिरी, महाड, सोलापूर अशा ठिकाणांहून जमलेला बावीस जणांचा काफिला होता. दुबईमार्गे गेलो.

बगदादमध्ये आपल्या लोकांची पहिली ओढ असते ती बाब-अल-शेखची. हजरत शेख अब्दुल कादिर जिलानी रह. यांचा मजार तिथे आहे. ज्यांच्या नावाने आपल्या घरांत ग्यारवीची नियाज होते, ते गौसपाक. हिजरी ५६१ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. मजारीभोवती मशीद, मदरसा, मोठे ग्रंथालय आणि लंगरखाना आहे. दुपारी भांडी घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यात अम्मीही जाऊन उभ्या राहिल्या आणि वाडगाभर गरम शोरबा घेऊन आल्या. आम्ही म्हटले, "अम्मी, हे गरिबांसाठी आहे." त्या म्हणाल्या, "मग मी कोण आहे?"

शहर मात्र डोळ्यांना सवय व्हायला वेळ घेते. विजेच्या खांबांवर जनरेटरच्या तारांचे घरटे. चौकाचौकात तपासनाके. एकीकडे चकचकीत नवे मॉल, दुसरीकडे काँक्रीटच्या उंच भिंतींचे उरलेले तुकडे, ज्यांवर कुणी कुणी फुले रंगवून ठेवली आहेत. फिरदौस चौकातून गाडी गेली. ९ एप्रिल २००३ रोजी इथेच सद्दाम हुसेनचा पुतळा पाडला गेला होता. त्या दिवशी आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो होतो. अब्बा तेव्हा हयात होते. पुतळ्याच्या चेहऱ्यावर अमेरिकन झेंडा टाकला, तसा त्यांनी टीव्ही बंद केला. आम्ही रडलो होतो. बगदादसाठी की सद्दामसाठी, हे तेव्हा वेगळे करता आले नाही. आता चौकात हिरवळ आहे. मामूंनी खिडकीतून पाहिले आणि पुन्हा तसबीह फिरवू लागले.

तिसऱ्या दिवशी करबला, मग नजफ आणि कूफा. त्याबद्दल या मासिकात पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थांबत नाही. परतताना हिल्ल्याच्या रस्त्याने आलो, कारण काफिल्यातल्या सोलापूरच्या एका इंजिनियर मुलाला बाबिल पाहायचे होते. चांगलेच झाले. नेबुकदनेझरचा राजवाडा सद्दामने पुन्हा बांधून घेतला होता. त्याच्या विटांवर अरबीत त्याचे स्वतःचे नाव कोरलेले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी नेबुकदनेझरनेही विटांवर आपले नाव उठवले होते, तीच हौस. मामूंनी ती ओळ वाचून दाखवली. शेजारच्या टेकडीवर सद्दामचा आणखी एक महाल आहे, भिंती रेघोट्यांनी भरलेला, रिकामा. आणि २००३ नंतर याच बाबिलमध्ये परदेशी फौजेची छावणी होती. जुन्या फरसबंदीवरून जड वाहने गेली, पुरातन मातीत खंदक खणले गेले. ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञाने २००५ मध्ये त्याचा अहवाल दिला होता. एकाने विटांवर नाव लिहिले, दुसऱ्याने विटांवरून गाडी नेली.

आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, बगदादच्या सद्र सिटीतला. अम्मींना तो 'हज्जिया' म्हणायचा आणि उतरताना हात द्यायचा. हिंदी-पाकिस्तानी जायरीनांमुळे त्याला कामापुरती उर्दू येत होती, बाकी मामू होतेच. हिल्ल्याहून निघालो आणि मामूंचा फोन वाजला. घरून व्हिडिओ कॉल. "हां सद्दाम, बोल बेटा," मामू मोठ्याने म्हणाले. भाच्याला खजूर किती आणणार ते विचारायचे होते.

गाडीचा वेग कमी झाला. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिले. फोन ठेवल्यावर त्याने अरबीत काहीतरी विचारले. मामूंनी उत्तर दिले. तो गप्प झाला. दहा-पंधरा मिनिटांनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी राहिली. चहाची टपरी नाही, सावली नाही. एका फाट्यावरची पाटी होती, 'अल-महावील'.

तो जे बोलला ते मामू थांबत थांबत आम्हाला सांगत गेले. १९९१ मध्ये कुवेतमधून इराकी फौज हरून परतली, तेव्हा दक्षिणेत लोक सद्दामविरुद्ध उठले. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी फेब्रुवारीतच इराकी जनतेला जाहीरपणे सांगितले होते की त्यांनी सद्दामला दूर करावे. लोकांनी ऐकले. मग सद्दामच्या फौजेने त्यांना चिरडले. अमेरिकन सैन्य त्या वेळी दक्षिण इराकमध्येच होते. ते हलले नाही. ड्रायव्हरचा थोरला भाऊ हिल्ल्याला कामाला होता. एक दिवस त्याला बसमधून उतरवून नेले. बारा वर्षे घरात त्याचे नाव मोठ्याने घ्यायची सोय नव्हती. मे २००३ मध्ये महावीलजवळ सामूहिक कबरी उघडल्या. हजारो लोक हातांनी माती उपसत होते. त्याचे वडील चार दिवस तिथे होते. हाडांसोबत ओळखपत्रे, चपला, घड्याळे प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवलेली. पाचव्या दिवशी त्यांना मुलाचे ओळखपत्र मिळाले.

"हज्जी," तो मामूंना म्हणाला, "तुमच्याकडे मुलांना हे नाव का ठेवतात?"

मामू आमच्याकडे पाहू लागले. आता उत्तर आम्ही द्यायचे होते. आम्ही काय सांगणार? की त्या वेळी अमेरिकेच्या विरोधात जो उभा राहील तो आपला, असे वाटायचे? की ५,००० च्या आसपास कुर्द, बहुतेक मुसलमानच, १६ मार्च १९८८ रोजी हलब्ज्यात विषारी वायूने मारले गेले, हे आमच्या पेपरात आतल्या पानावर आले असेल आणि आम्ही वाचले नसेल? अम्मींनीच तोंड उघडले. म्हणाल्या, "बेटा, आम्हाला माहीत नव्हतं." मामूंनी अरबी केले. त्याने मान हलवली, गाडी सुरू केली.

त्या रात्री काफिल्यात मोठी चर्चा झाली. महाडच्या एका चाचांचे म्हणणे, असे असेल तर अमेरिकेने आक्रमण केले ते बरोबरच म्हणायचे. जुलूम होता, त्यांनी काढला. सोलापूरचा मुलगा म्हणाला, "चाचा, पण त्यांनी कारण हे सांगितलंच नव्हतं." वाद जेवणानंतरही चालू राहिला. आम्हालाही झोप आली नाही. कारण चाचांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सद्दाम जालीम होता एवढे मान्य केले की मग त्या स्वारीचे काय? परतल्यावर आम्ही जुनी कात्रणे काढली, मुलांच्या मदतीने अहवाल वाचले. जे पक्के आहे तेवढेच इथे लिहितो.

सांगितलेले मुख्य कारण होते महासंहारक शस्त्रांचे. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत एक छोटी कुपी हातात धरून दाखवली. एवढ्याशा अँथ्रॅक्सने काय होऊ शकते, हे सांगायला. ट्रकवर फिरणाऱ्या जंतू-प्रयोगशाळांची चित्रेही दाखवली. त्या प्रयोगशाळांची मुख्य खबर देणारा इराकी निर्वासित जर्मनीत होता. अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्याची नीट उलटतपासणीही केली नव्हती. २०११ मध्ये त्याने स्वतः कबूल केले की ते त्याने रचलेले होते. नायजरमधून युरेनियम विकत घेतल्याची कागदपत्रे होती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरदई यांनी ७ मार्च २००३ रोजी, म्हणजे स्वारीच्या तेरा दिवस आधी, सुरक्षा परिषदेत सांगितले की ती कागदपत्रे अस्सल नाहीत. त्याच दिवशी शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी सांगितले की उरलेले काम वर्षांचे नाही, काही महिन्यांचे आहे. निरीक्षक इराकमध्ये फिरत होते, शेकडो ठिकाणे तपासून झाली होती, मर्यादेपेक्षा जास्त पल्ल्याची अल-समूद क्षेपणास्त्रे त्यांच्या देखरेखीखाली मोडली जात होती. मग निरीक्षकांना बाहेर काढण्यात आले आणि २० मार्चला बॉम्ब पडू लागले.

इथे घटकाभर थांबावेसे वाटते. तपास करणारा घरात आहे, कपाटे उघडून पाहतो आहे, म्हणतो आहे की अजून थोडा वेळ द्या. आणि बाहेर उभा असलेला म्हणतो, तू बाहेर ये, मला घर जाळायचे आहे. याला शस्त्रांची भीती कशी म्हणायची? ज्याला खरोखर भीती वाटते तो तपास पूर्ण होऊ देतो.

स्वारीनंतर अमेरिकेनेच नेमलेल्या हजारावर माणसांच्या पथकाने इराक पालथा घातला. २००४ च्या अहवालात निष्कर्ष आला की शस्त्रसाठे नव्हते. ते १९९१ नंतरच नष्ट झाले होते. काही जुने, गंजलेले रासायनिक तोफगोळे पुढे सापडले, ते १९९१ च्या आधीचे. निर्बंध उठले तर सद्दामला पुन्हा कार्यक्रम सुरू करायचा होता, असेही तो अहवाल म्हणतो. हे लपवण्याचे कारण नाही. पण इच्छा आणि शस्त्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणाच्या मनातल्या इच्छेवर बॉम्ब टाकता येत नाही, तो शहरावरच पडतो.

दुसरे कारण, अल-कायदाशी संबंध. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकन आयोगाला २००४ मध्ये इराक आणि अल-कायदा यांनी मिळून काम केल्याचा पुरावा मिळाला नाही. हे कारण इथेच संपते.

ब्रिटनने स्वतःची चौकशी केली. तिला सात वर्षे लागली. सर जॉन चिलकॉट यांचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला. शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, युद्ध हा शेवटचा उपाय नव्हता, आणि धोक्याबद्दल जी खात्री दाखवली गेली ती पुराव्यात नव्हती, हे त्यात आहे. पॉवेल यांनी २००५ मध्ये त्या भाषणाला आपल्या कारकिर्दीवरचा डाग म्हटले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान २००४ मध्येच म्हणाले होते की सनदेच्या दृष्टीने ही स्वारी बेकायदा होती. आपल्या संसदेनेही एप्रिल २००३ मध्ये ठराव केला. त्यात एका शब्दावर बराच खल झाला आणि शेवटी हिंदीत 'निंदा' आला, इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. तो नकार आम्हाला त्या शब्दापेक्षा वजनदार वाटतो.

आता चाचांचे कारण. लोकांना जुलमातून सोडवण्याचे. शस्त्रे सापडेनात तेव्हा हेच पुढे आले. जुलूम खरा होता, महावीलची माती खोटी नाही. म्हणून या कारणाला आम्ही चटकन झटकू शकत नाही. पण तारखा पाहाव्यात. हलब्जा १९८८ मध्ये झाले, आणि त्यानंतरही अमेरिकेचे सद्दामशी व्यवहार चालू होते. १९८३ मध्ये रोनाल्ड रेगन यांचे दूत म्हणून बगदादला येऊन सद्दामशी हस्तांदोलन करणारे डोनाल्ड रम्सफेल्ड हेच २००३ मध्ये युद्धाचे संरक्षणमंत्री होते. १९९१ मध्ये महावीलला माणसे पुरली जात होती, तेव्हा मदतीची हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर फौज होती. कत्तल चालू असताना थांबलेले हात बारा वर्षांनी, कबरी गार झाल्यावर, दयेपोटी उचलले गेले? ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने वर्षानुवर्षे सद्दामचे गुन्हे नोंदवले होते. तिनेही २००४ मध्ये लिहिले की ही स्वारी मानवतेसाठीची कारवाई ठरत नाही.

आणि सोडवायला आलेल्यांनी काय जपले? बगदादचे संग्रहालय दोन-तीन दिवस लुटले जात होते, सुमारे १५,००० वस्तू गेल्या. तेलमंत्रालयाच्या दारात मात्र रणगाडे उभे होते. मे महिन्यात इराकी लष्कर एका आदेशाने बरखास्त केले. लाखो सैनिक हत्यारांसह घरी बसले. पुढे काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. अबू गरीब, मशिदींतले स्फोट, मोहल्ल्यामोहल्ल्यांतली कत्तल, २०१४ मध्ये मोसूल. मृत्यूंची एकेक नोंद ठेवणाऱ्या इराक बॉडी काउंटकडे १,८०,००० हून अधिक नागरिकांची नोंद आहे.

हे आम्ही घरी बसून लिहितो आहोत. बगदादमध्ये शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, एवढे कागद हातात नव्हते. सकाळी मुतनब्बी रस्त्यावर गेलो होतो. पुस्तकांचा बाजार. रस्त्यावर सतरंज्या टाकून पुस्तके मांडलेली. ५ मार्च २००७ रोजी इथे मोटारबॉम्ब फुटला होता. टोकाला शाबंदर नावाचा चहाखाना आहे, १९१७ पासूनचा. त्याच्या मालकांची चार मुले आणि एक नातू त्या स्फोटात गेले. त्यांनी चहाखाना पुन्हा उघडला. भिंतीवर त्यांचे फोटो आहेत. वाळवलेल्या काळ्या लिंबांचा चहा छोट्या काचेच्या पेल्यात येतो, त्या लिंबांना ते 'नूमी बसरा' म्हणतात. मामूंनी तीन पेले घेतले. एक इराकी गृहस्थ शेजारी बसले होते, त्यांना मामूंनी आपली १९९० ची गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, "कुवेतला जातानाही रेडिओवर हेच होतं. तिथल्या लोकांनी बोलावलं म्हणून आपण जातोय." खरेच, सद्दामचे पहिले निवेदन तेच होते की कुवेतमधल्या क्रांतिकारकांनी मदत मागितली. आठवडा गेला नाही तोच विलीनीकरण, आणि महिनाअखेर कुवेत इराकचा एकोणिसावा प्रांत. बोलावणारे क्रांतिकारक कुठे गेले, कुणी विचारले नाही.

चहाखान्याच्या जन्माचे ते १९१७ साल आम्हाला तासाभराने पुन्हा भेटले. आधमियाकडे जाताना वजिरियात एक ब्रिटिश युद्ध-कब्रस्तान लागते. कुंपणापलीकडे मोडक्या दगडांच्या रांगा आणि मधोमध एक दगडी घुमटी. तिथे जनरल मॉड पुरले आहेत. मार्च १९१७ मध्ये त्यांनी बगदाद घेतले आणि जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नव्हे, मुक्त करायला आलो आहोत. तीन वर्षांत इराकी त्यांच्याविरुद्ध उठले. त्यांच्या आधी आपली पुणे डिव्हिजन इथे आली होती. १९१५ च्या डिसेंबरपासून ती कूत गावात वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशीपोटी शरण गेली. त्यात मराठा पलटणी होत्या आणि त्या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. साताऱ्या-रत्नागिरीची पोरे, कुणाला सोडवायला आली होती, त्यांना तरी कुणी सांगितले असेल का? अम्मींनी गाडीतूनच फातेहा पढला.

आधमिया हे इमाम अबू हनीफा रह. यांचे गाव. हनफी म्हणवणाऱ्या आपल्या घरांचे इमाम. खलिफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद त्यांनी घेतले नाही, म्हणून कैदेत गेले, आणि तिथेच हिजरी १५० मध्ये त्यांचा इंतकाल झाल्याचे सांगतात. ९ एप्रिल २००३ रोजी, पुतळा पडला त्याच दिवशी, सद्दाम शेवटचा लोकांत दिसला तो या मशिदीजवळ. दुसऱ्याच दिवशी इथे लढाई झाली आणि मशिदीच्या घड्याळाच्या मनोऱ्याला तोफ लागली. आता तो दुरुस्त आहे.

मशिदीजवळून दजला नदीवरचा पूल सुरू होतो, इमामांचा पूल, जिस्र अल-अइम्मा. पलीकडे काजमिया, सोन्याचे घुमट. तिथे इमाम मूसा काजिम आहेत. तेही कैदेतच गेले, हारून रशीदच्या. पुलाच्या दोन्ही टोकांना आपापल्या काळच्या हाकिमाचे दोन कैदी झोपले आहेत, आणि त्यांना मानणारे मधे एकमेकांना घाबरून राहिले.

३१ ऑगस्ट २००५ ला इमाम काजिम यांच्या शहादतीच्या दिवशी लाखो लोक काजमियाकडे चालले होते. सकाळीच गर्दीवर तोफगोळे पडले होते. मन धास्तावलेले. कुणीतरी ओरडले, गर्दीत बॉम्बवाला आहे. बॉम्बवाला नव्हता. पण पुलावर चेंगराचेंगरी झाली, कठडे तुटले, जवळजवळ १,००० माणसे मेली. बहुतेक बाया आणि मुले. आधमियातल्या सुन्नी मोहल्ल्यातली पोरे नदीत उड्या मारून शिया जायरीनांना काढत होती. उस्मान अली अल-उबैदी नावाचा तरुण एकामागून एक माणसे काठावर आणत राहिला आणि शेवटी एका बाईला काढताना स्वतः बुडाला. त्याचे नाव बगदादमध्ये दोन्ही बाजूंना घेतात.

पुढे तो पूल तीन वर्षे बंद होता, २००८ च्या नोव्हेंबरपर्यंत. आमच्या ड्रायव्हरने पुलाच्या मध्यावर गाडी सावकाश केली. त्याची बहीण आधमियात दिली आहे, सुन्नी घरात. पूर्वी अशी लग्ने पुष्कळ व्हायची. पूल बंद असताना, आणि वळसा घालून जावे तर नाक्यानाक्यावर नाव विचारून माणसे मारली जात असताना, त्याचे वडील वारले. महावीलला चार दिवस माती उपसणारे तेच वडील. बहिणीला माती द्यायला येता आले नाही.

आम्ही हिंमत करून विचारले, २००३ मध्ये पुतळा पडला तेव्हा काय वाटले होते?

"मी नाचलो," तो म्हणाला. "चप्पल काढून सद्दामच्या तसबिरीला मारली." मग थोड्या वेळाने, मामूंकडे न बघता, "ते खोटं बोलून आले हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी त्या दिवशी नाचलोच असतो. पण हज्जी, ते माझ्या भावासाठी आले होते असं मला कुणी सांगू नये."

अम्मी मागच्या सीटवर होत्या. त्यांनी सूरह हुजुरातमधली ती ताकीद आठवली, बातमी आली तर आधी तिची खातरजमा करण्याची. पुलावरच्या त्या ओरडणाऱ्याचे आणि कुपी दाखवणाऱ्यांचे त्यांनी एकाच वाक्यात सांगून टाकले. मामू म्हणाले, "आपा, पुलावरचा बिचारा घाबरला होता. ते घाबरलेले नव्हते." आम्हाला दोघांचेही पटले, मामूंचे थोडे जास्त.

काजमियात अस्रची नमाज झाली. ड्रायव्हरने अम्मींसाठी एक सज्दागाह आणि पाव किलो मिठाई आणली. पैसे घेतले नाहीत.

मुंबईच्या विमानतळावर भाचा गाडी घेऊन आला होता. सामान डिकीत भरले. खजूर पाच किलो निघाले, त्याला दहा हवे होते. गाडी सुरू करता करता त्याने हसत विचारले, "मामू, तिकडं माझं नाव सांगितलंत की नाही? काय म्हणाले लोक?"

अम्मींनी खिडकीची काच वर केली. मामूंनी चष्मा काढून पुसला.

"सांगतो," ते म्हणाले. "पनवेल जाऊ दे."